पुन्हा एकदा ओवाळा

सिंधूच्या अंगात कणकण होती. तरी तिनं भाकरी टाकल्या, लेकीची, वैष्णवीची वेणी घातली आणि आरतीचं ताट घासायला घेतलं.

"आज राहू दे," तिचा नवरा मोतीराम म्हणाला.

"अन् पोरीच्या लग्नाले कोण येईन? तुमची म्हैस?" ती हसली.

दुसरबीडच्या अलीकडे त्यांचं गाव. राज्य कधीच बुडालं होतं, पण राजेसाहेबांच्या वाढदिवसाला अजून घरटी एक बाई ताट घेऊन रस्त्यावर उभी राहायची. ओवाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हा रिवाज. ज्या घरची बाई आली नाही, त्याच्या मांडवात गाव पाय ठेवत नसे. पूर्वी राजे सकाळीच येऊन जात. चॅनेलवाला ऋत्विक यायला लागल्यापासून त्याच्या सोयीनं येत. 'जनतेच्या मनातला राजा' म्हणून तो दरवर्षी व्हिडिओ टाकी.

त्या दिवशी राजे भर दुपारी आले. बायांनी ओवाळलं. ऋत्विक म्हणाला, "गाडी जोरात गेली. पुन्हा एकदा घेऊ." गाडी मागं गेली, परत आली. "आता ताई हसल्या नाहीत. पुन्हा." तिसऱ्यांदा ताट उचलताना सिंधू कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपली होती.

संध्याकाळी मोबाईलवर ऋत्विकचा व्हिडिओ आला, 'राजाचं मुख पाहून माउलीनं सुखानं प्राण सोडला.' शेजारची जनकाबाई त्यात म्हणत होती, "भाग्याची हो बाई!" मोतीरामनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याला रडू आलं नाही. दात आवळले गेले.

तेराव्याला राजे अंगणात आले. ऋत्विकनं लाईव्ह सुरू केलं. "काका, एवढंच बोला, काकूंचा राजेसाहेबांवर फार जीव होता."

"बोलतो ना. पण आधी राजानं तिच्या फोटोले ओवाळावं. उन्हात, अनवाणी."

लोक पाहत होते. राजांनी बूट काढले, ओवाळलं.

"पुन्हा एकदा," मोतीराम म्हणाला. "हसले नाई तुम्ही."

राजांनी घाम पुसून पाण्याची बाटली मागितली. मोतीरामनं ती मधेच हिसकावली. "ओवाळणं झाल्याबिगर पाणी नाई. रिवाज तुमचाच हाय."

"डोकं फिरलं का बे तुहं?" राजांचा माणूस अंगावर आला.

"फिरलं! आता आयका. माही बायको राजावर जीव टाकत नव्हती. पोरीच्या मांडवासाठी उभी होती. पाण्याविना मेली."

ऋत्विकनं घाईनं मोबाईल बंद केला. राजे गाडीकडे वळले.

"मी तुमच्यावर हात नाई उचलणार, राजेसाहेब," मोतीराम मागून ओरडला. "पण तुमच्या रस्त्यावर एकबी बाई उभी राहू देणार नाई!"

गाडी गेली. जनकाबाई ओट्यावरून उठली. "भाऊ, ते 'भाग्याची' बोलणं मले त्या चॅनेलवाल्या पोरानं पढवलं होतं. सिंधू पाणी मागून राह्यली होती. माह्याजवळ तांब्या होता. लोक काय म्हणतीन म्हणून देला नाई."

मोतीरामनं तिच्याकडे पाहिलं. माफ केलं नाही.

"हे घरोघर सांगा. मी संगं येतो."

पहिलं दार उत्तमरावांचं. ऐकून ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"आमच्या घरात दरसाल या ओवाळण्यावरून भांडण होते," ते हळूच म्हणाले. "व्हिडिओ पाहून वाटे, बाकी गाव खुशीनं ओवाळाले जाते."

"मलेबी तसंच वाटे," मोतीराम म्हणाला, आणि पुढच्या दाराकडे निघाला.