मागे कोणी नाही!

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नव्हे, गोठ्यातलाही नव्हे. काराकोल शहराच्या वर आमच्या गावची एक टेकडी आहे, तिथे मी माणसांना चढावर ओढून नेतो. खाली खोपटात जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन, वर एक लोखंडी चाक आणि दोन्हींमध्ये गोल फिरणारा मी. मला धरायचे, वर पोहोचले की सोडायचे आणि स्कीवरून घसरत खाली यायचे.

माझा जन्म सरोवराकाठच्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी मालाच्या होड्या बांधून ठेवल्या. होड्या बंद झाल्या, तेव्हा गावाचे थोरले दादा, तोक्तोसून आके, मला घोड्यावर लादून इथे घेऊन आले. पहिल्या हिवाळ्यात माझे काय कौतुक! "घोडा थकतो, हा थकत नाही," असे म्हातारे म्हणत. मग साऱ्यांना सवय झाली. उन्हाळ्यात मला वाळवायचे राहू लागले. माझे धागे सुटले. ओला झालो की मी हातातून निसटू लागलो.

म्हणून लहान मुले एक चोरटी युक्ती करत. मनगटात जाड लोकरीचा पट्टा अडकवून तो माझ्यावर टाकत. आकेंना दिसला की ते तो हिसकावून घेत. पट्टा अडकला तर मूल थेट वरच्या चाकात जायचे!

आमची आणखी एक रीत होती. दिवस संपताना जो सर्वांत शेवटी खाली येई, तो ओरडे, "मागे कोणी नाही!" मगच आके इंजिन बंद करत.

त्या दिवशी कमरेएवढा भुसभुशीत बर्फ साचला होता, आणि अजून पडतच होता. सारे गाव टेकडीवर लोटले. नुरझादा खाली चहा आणि बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गरम गोळे, विकत होती. तिची नऊ वर्षांची लेक बेगाय चढून-उतरून थकत नव्हती. आईला ती अपा म्हणे.

"अपा, आज बर्फ नाहीच, पीठ आहे पीठ!"

"मग फार लोळू नकोस त्यात. बोरसोक समजून तळून काढीन!"

दुपार कलली. लोक पांगले. गाडी चालवणारा एर्निस वरून भन्नाट वेगाने आला. त्याची नवी नवरी खाली उभी राहून पाहत होती ना! मागे वळूनही न बघता तो ओरडला, "मागे कोणी नाही!"

इंजिन थांबले. पण बेगाय वरच होती. मला पेलणाऱ्या शेवटच्या खांबाजवळ एक उंच झाड आहे. त्याच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फात ती छातीपर्यंत रुतली होती. ती हाका मारत होती, पण पडता बर्फ आवाज गिळून टाकतो. वर येण्यासाठी तिने पट्टा माझ्यावर टाकून ओढला. पट्टा पिळला, माझ्या सुटलेल्या धाग्यांत गुंतला आणि तिच्या मनगटाला आवळून बसला. ती हिसके देत राहिली.

मला तोंड नाही, मित्रांनो. प्रत्येक हिसका खालपर्यंत पोहोचवणे, एवढेच माझ्या हाती होते.

खाली नुरझादा भांडी आवरत विचारत होती, "बेगायला पाहिलंत का, आके?"

"गेली असेल पोरींबरोबर घरी."

तेवढ्यात खोपटातले इंजिनाचे चाक थरथरले.

"वारा," आके म्हणाले.

नुरझादाने माझ्यावर हात ठेवला. "वारा असा तीनदा ओढून मग दम खातो का, आके?"

एर्निसने वळून टेकडीकडे पाहिले. "मी... मी मागे बघितलंच नाही."

"गाढवा!" आके इंजिनाकडे धावले. एवढ्या बर्फातून चढून जायला अर्धा तास, इंजिन सुरू करून मला धरले तर दोन मिनिटे. त्यांचा हात दांड्यावर पडला.

"नको!" नुरझादा किंचाळली. "इंजिन नको! तिच्या मनगटाला पट्टा आहे."

"कोणी दिला तिला? शंभरदा सांगितलं मी..."

"मीच शिवलाय. तिचे हात घसरतात म्हणून. मीच, आके."

आकेंनी हात मागे घेतला. 

तिघेही मला धरून बर्फ तुडवत निघाले. नुरझादा सर्वांच्या पुढे. वाटेत हिसके विरळ झाले. मग थांबलेच. नुरझादाची बोटे माझ्यात अशी रुतली, की मला वाटले, मी तुटेन.

बेगाय सापडली तेव्हा तिचे ओठ निळे होते. आकेंनी चाकूने पट्टा कापला.

"अपा, रागावू नको. पट्टा गेला."

"जाऊ दे गं, माझ्या शिंगरा, जाऊ दे."

बेगाय वाचली. पण तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना आता गार-गरम कळत नाही, आणि ती टेकडीवर परत आलेली नाही. आके आता मला वाळवतात, माझे धागे वळून बसवतात. एर्निस रोज शेवटी वरपर्यंत जाऊन येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा वेळेवर राखा. आणि आनंदात कितीही वेगाने खाली आलात, तरी एकदा मागे वळून पाहा. तुमच्यामागे कोणाची तरी लेक असते.

रोज इंजिन बंद झाले, की नुरझादा हातमोजा काढून मला धरते आणि डोळे मिटून हिसका लागतो का ते पाहते. तेव्हा मी, जमेल तितका, अगदी स्तब्ध राहतो.