पाट्यावरची कडू पेंड

मित्रांनो, मी एक जुना दगडी पाटा आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. दगड कसला घाबरतो, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या अंगावर औषध आणि विष एकाच हाताने मळलं जातं, त्याने घाबरू नये तर काय करावं? माझ्यावर जर्दाळूच्या बियांचं तेल काढतात. लडाखमध्ये सिंधूच्या काठी, एका लहानशा गावात, कुंझेसच्या अंगणात माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म नदीच्या पात्रातला. कुंझेसच्या आजेसासऱ्यांनी मला दोरांनी बांधून, चार माणसं लावून वर आणलं. मग छिन्नी घेऊन महिनाभर ते माझ्यावर बसले. मधोमध उथळ खोलगा केला आणि एका बाजूला तेल वाहून जायला पन्हळ काढली. प्रत्येक घावाला मला वाटायचं, आता मी दुभंगणार. तेव्हापासून भीती जी अंगात मुरली, ती काही गेली नाही.

उन्हाळ्यात मला कुणी विचारत नाही. तेव्हा तोंडाला तेल लावलं तर धूळ चिकटते आणि ऊन जास्तच भाजतं. पण शेतातला जव कापून झाला, पॉपलरची पानं पिवळी पडली आणि नदीकडून कोरडा वारा सुटला की चार दिवसांत माणसांची कातडी बदलते. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, मुलांचे गाल आधी लाल होतात आणि मग तडकतात. मग घरोघरी साबणाची वडी फळीवर जाते. बायका जवाच्या पिठाने आणि कोमट पाण्याने तोंड धुतात, आणि कातडी ओलसर असतानाच उन्हात बसून दोन थेंब तेल चोळतात. वाऱ्याचा जोर वाढण्याआधी हे सुरू झालं पाहिजे, नाहीतर भेगा थंडीभर भरत नाहीत. त्या दिवसांत माझा मान विचारू नका. आळीतल्या बायका रांग लावायच्या आणि कुंझेसच्या पाट्याचं तेल सोन्यासारखं उतरतं, असं म्हणायच्या. मी मनातून सुखावायचो.

पण एक गोष्ट मला सदैव छळायची. जर्दाळूच्या बिया दोन प्रकारच्या असतात. गोड बियांचं तेल जेवणात जातं, आणि मागे उरलेली पेंड सत्तूत मळून मुलं मिटक्या मारत खातात. कडू बियांचं तेल कातडीला फार चांगलं, पण त्यांची पेंड पोटात गेली तर लहान मूल दगावतंसुद्धा. दिसायला दोन्ही पेंडी अगदी सारख्या. म्हणून कुंझेस पाट्यावर बसण्याआधी पिशवीतली एक बी जिभेवर ठेवायची. कडू लागली की लगेच थुंकायची, आणि काम झालं की ती पेंड राखेत कालवून नदीत सोडायची. माझं अंगही गरम पाण्याने आणि राखेने तीनदा घासायची. हे ती न बोलता करायची. घरात दुसरं कुणी शिकणारं नव्हतंच.

मग सून आली. चोरोल तिचं नाव. ती चांगथांगच्या उंच पठारावरची, मेंढपाळांच्या घरातली. तिकडे इतक्या उंचीवर जर्दाळूचं झाडच उगवत नाही. तिचा नवरा सीमेवरच्या रस्त्याच्या कामावर असायचा, म्हणून लग्नानंतर चार-पाच वर्षं ती माहेरच्या तंबूतच राहिली आणि त्या वर्षी उन्हाळ्यात लेकीला घेऊन सासरी आली. लेकीचं नाव ईशे, वय चार.

हवा फिरली तशी चोरोलने आपल्या माहेरच्या रीतीने ईशेच्या गालांना लेप लावला. ताकाचं पाणी आटवून आटवून केलेला तो काळा लेप होता. गावातल्या बायकांनी तिची यथेच्छ चेष्टा केली. एकीने तर, पोरीला कढई समजून काजळी लावलीस का, असं विचारलं. कुंझेसला ते फार लागलं. तिने लेपाचं डबडं उचलून गोठ्यात टाकलं आणि आमच्या घरात असले प्रकार चालणार नाहीत, असं बजावलं. चोरोलने खाल मानेने तेल काढायला शिकवा म्हणून विनवलं.

"बघून शीक," कुंझेस म्हणाली. "मला कुणी बसवून शिकवलं होतं?"

चोरोल बघून शिकली. कसं कुटायचं, कोमट पाणी किती शिंपडायचं, तळव्याने कसं रेटायचं, सगळं तिने डोळ्यांनी टिपलं. सासू सुरुवातीला एक बी तोंडात टाकते, हेही तिने पाहिलं होतं. पण तिला वाटलं, म्हातारीला खायची हौस आहे. आपण घरच्या वस्तूला न विचारता तोंड लावायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. बिया दोन जातीच्या असतात, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तोवर सासूने गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोड बियाच तिच्यासमोर कुटल्या होत्या, आणि त्यांची पेंड सत्तूत जाताना तिने पाहिली होती.

एके दिवशी कुंझेस गुडघे दाखवायला खालच्या गावच्या दवाखान्यात गेली. दुपारच्या गाडीने परत यायची होती. सकाळी ईशेचे गाल इतके तडकले की हसताना रक्त आलं. पोर रडायला लागली, रडण्याचं खारं पाणी भेगांत गेलं, आणि ती आणखीच किंचाळली. चोरोलला ते पाहवेना. ती कोठीत गेली आणि हाताला लागली ती पिशवी घेऊन आली.

पिशवीची गाठ सुटताच मला वास आला आणि मी गारठलो. बिया कडू होत्या.

तेल काढणं चुकीचं नव्हतं, गालांना तेच हवं होतं. मी भ्यालो ते पुढच्या गोष्टीला. चोरोलने मला उन्हात तापवलं, बिया कुटल्या, पाणी शिंपडून मळल्या. तासाभराने पन्हळीतून पहिला थेंब वाटीत पडला. तिचा चेहरा उजळला. तिने ईशेचं तोंड कोमट पाण्याने टिपलं, तेल चोळलं, आणि पोर शांत झाली. मग मला भीती होती तेच झालं. तिने माझ्यावरची पेंड गोळा केली, सत्तूत मिसळली, मूठभर साखर घातली आणि तीन मुटके वळले.

मित्रांनो, मला तोंड नाही. मला हात असते तर मी ते मुटके हिसकावून घेतले असते. ईशे माझ्या काठावर बसून पाय हलवत होती आणि मुटक्यांकडे बघत होती. चोरोल वाटी घरात ठेवायला वळली, तेवढ्यात पोरीने एक कण उचलून तोंडात टाकला. चोरोलने पाहिलं, धावत येऊन बोट घालून तो बाहेर काढला आणि तिला दटावलं. नव्या हंगामाचा पहिला घास घरातल्या थोरल्या माणसाचा असतो, हे दोघींच्याही मुलखात चालत आलेलं. पण पोर हट्टाला पेटली होती. ती लोळली, तिने आईचं डोकं खाल्लं, भूक लागली म्हणून गळा काढला. दोनदा चोरोलचा हात मुटक्याकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. प्रत्येक वेळी मला छिन्नीचा घाव बसल्यासारखं झालं.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा फाटक वाजलं. कुंझेस लंगडत आली. चोरोलने पाणी दिलं आणि दोन्ही हातांनी मुटका पुढे केला. स्वतः तेल काढल्याचं सांगताना तिचा आवाज आनंदाने कापत होता. कुंझेस दमलेली, भुकेली. तिने काही न विचारता मोठा घास घेतला.

आणि थुंकला. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"पोरीने किती खाल्लं?"

"एक कण तोंडात घातला होता, तो मी काढला," चोरोल घाबरून म्हणाली. "तुमच्या आधी कसा देणार, अमा-ले?"

कुंझेसने पोरीला जवळ ओढलं. मग तिने ईशेला चुळा भरायला लावल्या, मांडीवर घेतलं आणि सूर्य डोंगराआड जाईपर्यंत तिचे डोळे आणि ओठ तपासत राहिली. मधे पोर एकदा ओकली. तेव्हा त्या दोघी एकमेकींचे हात धरून होत्या आणि मी त्यांच्याहून जास्त थरथरत होतो. पोरीने शेवटी कंटाळून भाकर मागितली, तेव्हा कुंझेस रडली.

"मी मुद्दाम सांगितलं नाही तुला," ती सुनेला म्हणाली. "तू चुकावीस आणि गावाने हसावं, असं मला वाटत होतं. तू मात्र पहिला घास माझ्यासाठी राखलास."

चोरोलचे हात पेंड मळून आणि वाऱ्याने भेगाळले होते. कुंझेसने तेलाची वाटी आणली आणि त्या हातांना बोटाबोटांतून तेल चोळलं. चोळता चोळता तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न वगळता.

आता कुंझेस नाही. तेल यंत्रावर निघतं आणि बाटलीत भरून दूरदूर जातं. मी भिंतीला टेकून पडलेला असतो. शरदात पाहुणे येतात, बाटल्या विकत घेतात, आणि मी अजून घाबरतो. म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. हवा कोरडी झाली की आपल्या आणि आपल्या माणसांच्या कातडीला वेळेवर जपा. पण कुणाच्या हाती कसलंही तेल, लेप, औषध द्याल, तेव्हा ते कुठे लावायचं आणि त्यातलं काय पोटात जाऊ द्यायचं नाही, हे तोंडाने सांगा. तो माणूस तुम्हाला आवडत नसला तरी सांगा.