दुसरी जोडी

साल एकोणीसशे एकेचाळीस. आयामोंते या स्पॅनिश बंदरगावात तेव्हा तारली माशांचा वास रविवारीसुद्धा जात नसे. बंदरावर होड्या भरून येत होत्या आणि कासिल्दाच्या स्वयंपाकघरात पोलिसांचा इन्स्पेक्टर कपाट उपसत होता. तिच्या नवऱ्याला, तारमास्तर एलादिओला, नुकतंच पकडून नेलं होतं. गुन्हा एवढाच, की यादवी युद्धाआधी तो फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या लॉजमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकींना, जात असे. हुकूमशहाच्या नव्या कायद्याला तेवढं पुरे होतं. सोबत्यांची नावं दिली, तर शिक्षा कमी. एलादिओने तोंड उघडलं नव्हतं.

"हातमोजे कुठायत, बाई?"

"मासे विकते मी, साहेब. खवले काढायला हातमोजे कोण घालतं?"

इन्स्पेक्टर हसला. "मेसन झाला की पांढऱ्या हातमोज्यांच्या दोन जोड्या मिळतात. एक स्वतःला. दुसरी, ज्या बाईबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तिला द्यायची. तुम्हाला नाही दिली?"

कासिल्दाची सुरी थांबली.

"मग कुणाला दिली? नाव सांगा. नवऱ्याची शिक्षा कमी होईल, सवतीचाही काटा निघेल."

नाव तिच्या ओठांवर होतं. शाळेच्या ओब्दुलियाबाई. एलादिओ अंगठाबहाद्दर नावाडी होता, तेव्हा संध्याकाळच्या वर्गात त्यांनीच त्याला अक्षरं शिकवली. रस्त्यात त्या दिसल्या की तो टोपी काढून उभा राही. बायकोसाठी त्याने कधी टोपी काढली नव्हती.

"आमचा माणूस कसला, साहेब! विकून दारू प्याला असेल," ती म्हणाली. "सरका आता, मासे नासतील."

तो गेल्यावर तिने टोपली डोक्यावर घेतली आणि भर दुपारी, "तारली घ्या, ताजी तारली!" ओरडत शाळेमागचं घर गाठलं.

"बाई, हातमोजे आहेत ना?"

ओब्दुलियाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "कासिल्दा, देवाशपथ सांगते, तसलं काही—"

"ते मागाहून. आधी चुलीत घाला."

"अगं, कातडं आहे. गल्लीभर घाण सुटेल."

"तारलीपुढं कुठली घाण टिकलीय?"

तिने निखाऱ्यांवर मासळी पसरली. खाली हातमोजे आक्रसत गेले, वर तारली चरचरत राहिली. शेजारीण खिडकीतून ओरडली, "बाईंकडे आज सणबीण आहे का गं?"

"तुला बोलावलं नाही म्हणून जळतेयस होय!" कासिल्दाने तिथल्या तिथे उत्तर दिलं.

दोघी पावाबरोबर खायला बसल्या.

"देताना काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुमच्यामुळे मला माझं नाव लिहिता येतं."

कासिल्दा काटे काढत बसली. मग म्हणाली, "मला नाही येत अजून."

"उद्यापासून ये."

इन्स्पेक्टरला बढती मिळाली, तो सेव्हिलला गेला. ओब्दुलियाबाईंची शाळा टिकली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथेच शिकवलं. कासिल्दा लिहायला शिकली आणि तुरुंगात नवऱ्याला स्वतःच्या हाताने पत्रं लिहू लागली. हातमोज्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. एलादिओ सुटला तो खोकला घेऊनच. नोकरी गेली होती. जाळी विणून त्याने दिवस काढले. नाव एकाचंही सांगितलं नव्हतं.

तो गेला, तेव्हा पाद्रीबाबांनी मेसन म्हणून त्याला दफनभूमीच्या कुंपणाच्या आत जागा दिली नाही. पुरुष भीतीने घरी बसले. आमच्याकडे बायका दफनाला जात नसत. त्या दोघी हातात हात घालून गेल्या. खड्ड्यापाशी माती टाकायची वेळ आली. पहिला हक्क बायकोचा.

कासिल्दा एक पाऊल मागे सरकली.

"आधी तुम्ही, बाई."