डाळिंबाच्या रसातलं विष

धारूरच्या घाटाकडेला सत्यभामाबाईंच्या बचत गटाचा डाळिंबाचा रस काढायचा छोटा कारखाना होता. आठ बायका, एक यंत्र, एक मोठी कढई. तपासणीला पाठवलेल्या रसाचा अहवाल आला आणि काम थांबलं. रसात बुरशीचं विष निघालं होतं.

"काळे दाणे तर आपण काढून टाकले व्हते," गीताबाई म्हणाली. "रस उकळला बी."

सत्यभामाबाईंनी तो आधी चाखला होता. गोडच लागला होता. ज्याला चव नाही, वास नाही, आणि जे उकळूनही मरत नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? सगळा माल त्यांनी ओतून दिला. एक कॅन तेवढा ठेवला आणि संभाजीनगरला संशोधन करणाऱ्या बहिणीच्या पोरीला, मोहिनीला, फोन लावला.

रविवारी मोहिनी आली. तिने पिशवीतून एक बाटली काढली. आत काजळीसारखी पूड.

"लोखंडाचे कण हायेत, मावशी. केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील, एवढे बारीक. वरून कोळंबीच्या टरफलातनं काढलेला थर दिलाय. विष त्याला चिकटतं."

गीताबाईचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेकडे गेला. "कोळंबी? मी न्हाई शिवायची."

"नका शिवू, काकू. नुसतं बघा."

मोहिनीने काचेच्या बरणीत रस ओतला, चिमूटभर पूड टाकली आणि ढवळू लागली. लालभडक रस बघता बघता डबक्यातल्या पाण्यासारखा काळा झाला. "नासवलास की गं!" सत्यभामाबाई कळवळल्या. मोहिनी ढवळतच राहिली. बऱ्याच वेळाने तिने साबणाच्या वडीएवढं चुंबक बरणीला बाहेरून टेकवलं.

आधी काहीच झालं नाही. मग रसात काळी धूसर रेघ हलली. दुसरी हलली. सगळा काळेपणा एका बाजूला सरकू लागला, कुणी हाक मारल्यासारखा, आणि चुंबकापाशी काचेला चिकटून बसला. उरलेला रस पुन्हा लाल, आरपार. खिडकीतलं ऊन त्यातून सत्यभामाबाईंच्या हातावर पडलं. आठही बायका बरणीवर वाकल्या.

"गेलं इष?" गीताबाईने हळूच विचारलं.

"डोळ्याला कळत न्हाई. प्रयोगशाळेतल्या यंत्राला इचारू."

चौथ्या दिवशी मोहिनीचा फोन आला. आधी विष मर्यादेच्या तिप्पट होतं. आता यंत्राला जेमतेम सापडत होतं.

"मग असाच रस इकावा का गं?"

"न्हाई, मावशी. कण मागं राहतात का, पोटात काय करतात, हे तपासायला वर्षं लागतील. तवर फळच नीट निवडा."

त्यांनी ऐकलं. आत जरा काळं दिसलं की अख्खं फळ बाजूला. पुढच्या हंगामातला रस तपासणीत पास झाला.

दिवाळीनंतर सत्यभामाबाई मुद्दाम संभाजीनगरला गेल्या. मोहिनीने सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर ते कण लाखपट मोठे करून दाखवले. मोहरीची रास सांडावी तसे गोल, दाटीने बसलेले. सत्यभामाबाईंनी पायातल्या चपला काढल्या.

"मावशी, चपला कावून काढल्या?"

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि पडद्याच्या अजून जवळ सरकल्या.