तोंड न उघडणाऱ्या आयोनाचा ब्रश

हसू नका, दात घासायचा ब्रशच बोलतोय! स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका बालवाडीत, भिंतीवरच्या स्टँडमध्ये मी उभा असतो. माझ्यावर गोगलगाईचं चित्र आहे, कारण माझ्या मालकिणीला, चार वर्षांच्या आयोनाला, अजून वाचता येत नाही. शेजारच्या ब्रशाला शिवायचं नाही, हा इथला कडक नियम. सोवळ्यातच राहतो म्हणा ना!

जेवणानंतर गेडिसबाई मुलांना गोल बसवतात, मटाराएवढी पेस्ट देतात आणि स्वतःही त्यांच्यासोबत घासतात. "थुंका रे नुसतं, चूळ नाही भरायची, पेस्ट दातांवर राहू दे!"

आयोना मात्र ओठ घट्ट मिटून बसायची. तिच्या दाढेवर तपकिरी डाग पडला होता. असंच चाललं तर भूल देऊन दाढ उपटावी लागणार होती. माझा नुसता जीव तुटायचा. बाईंनी मात्र हट्ट सोडला नाही. रोज तितक्याच मायेने त्या मला तिच्या हातात द्यायच्या आणि मी कोराच परत यायचो.

एके दुपारी घासणं चालू असतानाच तिची सेंगाआजी तिला न्यायला लवकर आली.

"कशाला छळता पोरीला? दुधाचेच दात, पडणारच! मला तर लग्नाआधी बाबांनी सगळे दात काढायला लावून कवळी भेट दिली. पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून! आमच्या गल्लीत कितीतरी मुलींना मिळायची."

"मलापण तीच पाहिजे, तू नेहमी सांगतेस ती भेट," आयोना म्हणाली. "म्हणून तर घासत नाही मी."

आजीचा चेहरा खर्रकन उतरला. ती पोरांच्या चिमुकल्या खुर्चीत कशीबशी बसली.

"भेट कसली गं, राणी! चांगले धडधाकट दात होते माझे. बाबांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. स्वतःच्या लग्नात मी नुसतं सूप पीत बसले, फोटोतही तोंड मिटून. रडू यायचं मला. उघड बघू तोंड."

आयोनाने आजीकडे टक लावून पाहिलं आणि ओठ उघडले. मी सरळ त्या डागावर तुटून पडलो. त्यानंतर आम्ही एकही दिवस चुकवला नाही.

आता माझे केस पार विस्कटलेत. सत्र संपतंय, उद्या नवा ब्रश येईल आणि मी कचऱ्यात जाईन. डाग वाढलेला नाही, दाढ वाचेल, असं दातांचे डॉक्टर म्हणाले. आजी तेव्हापासून रोज घासायच्या वेळेलाच येते आणि आयोनाशेजारी बसते.

मला खुशाल फेका. पण लेकरांच्या हाती नुसता ब्रश देऊन निघून जाऊ नका हो. शेजारी बसा.