सात गाठींची सुतळी

"काका, डोकं सांभाळा," शोरूममधला सेल्समन म्हणाला, तोवर काका व्हॅनच्या मागच्या दारातून आत शिरलेसुद्धा होते. त्यांनी खिशातून सुतळी काढली. तिला सात गाठी होत्या. पहिली खुर्चीची, चौथी डबल बेडच्या पाठीची, सातवी तीन दारांच्या कपाटाची. फर्निचरच्या दुकानात एकोणीस वर्षं माल चढवता-उतरवता ती तयार झाली होती. टेपवर काकांचा काडीचा विश्वास नव्हता.

"गाडी मी घेणार, पण पसंत तुम्ही करायची," असं मालक म्हणाले होते. तेवढ्यावर काकांची छाती फुगली होती. बायकोने मात्र निघताना बजावलं होतं, "गुडघ्याचं बघा आधी. उंच गाडी घेतलीत तर वर्षभरात घरी बसाल."

पहिली व्हॅन देखणी, पण चाकांवरचे उंचवटे इतके आत आलेले की बेड आडवा बसेना. दुसरी ऐसपैस, पण तळ कमरेएवढा उंच. तिसरी मध्यम, तळ खाली, आणि मागे बटण दाबलं की मालासकट वर येणारी लोखंडी फळी. काकांनी सुतळी ताणली. सातवी गाठ बरोबर दारापाशी आली.

"हीच," काका म्हणाले.

"हीच का पण?" मालकांनी विचारलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांना कारण असं कोणी विचारलंच नव्हतं.

"अहो, कपाट फळीवर ढकलायचं, बटण दाबायचं. उचलाउचल नाही की ओढाताण नाही. एकटा माणूस सगळा माल चढवेल, मालक."

मालकांनी सोबत आलेल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. एकोणीस वर्षं काका त्याच्याच शेजारी बसत आले होते. तो टायर निरखत राहिला.

गाडी आली त्या दिवशी मालकांनी काकांना आत बोलावलं आणि बसा म्हटलं. दुकानात शंभर खुर्च्या होत्या, पण आजवर त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"तुमचाच शब्द, काका. एका माणसात भागतंय. आणि तुमचे गुडघेही आता बघवत नाहीत हो."

"बरं," काका म्हणाले. राग आला तो मालकांचा कमी, स्वतःच्या जिभेचा जास्त.

"जाता जाता तेवढी ड्रायव्हरशेजारची सीट काढून द्या. जागा होईल."

काका पाना घेऊन गाडीत चढले. ड्रायव्हर दाराशी येऊन उभा राहिला. "मी बोलणार होतो, काका, पण..."

"तू काय बोलणार? तुला दोन पोरी आहेत."

चार बोल्ट निघाले. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच होतं. काकांनी ती उचलून भिंतीशी नीट ठेवली.

मालक डोकावले. "काय मावेल तिथे?"

काकांनी रिकाम्या जागेत सुतळी धरली. "एक खुर्ची. एकात एक घातल्या तर दोन."

मालक गेले. काकांनी सुतळी गुंडाळून ड्रायव्हरच्या हातात दिली. "कुठली गाठ कशाची, माहीत आहे ना?"

ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली. त्याला कधी विचारायची गरजच पडली नव्हती.

काका गाडीच्या पायरीवर बसले, दुखरा पाय सरळ केला आणि पहिल्या गाठीपासून सांगायला लागले.