जुना फिल्टर महिनाभर बंद करायचा नाही

माशांच्या टाकीवाल्याने मला पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं होतं की नवा फिल्टर लावला तरी जुना महिनाभर बंद करायचा नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन नवा लावल्याबरोबर जुना बंद केला. माझा स्वभावच तसा. नको म्हटलेलं काम मी आधी करते.

टाकी आईची. सहा फूट लांब, बैठकीच्या खोलीची अख्खी भिंत अडवून बसलेली. तिच्यात सहा गोल्डफिश. आईने आणले तेव्हा बोटाएवढे होते, आता माझ्या तळहातात मावत नाहीत. आईला जाऊन आठ महिने झाले आणि हे मात्र मजेत खाऊनपिऊन वाढत होते. पाणी गढूळ व्हायला लागलं. टाकीवर एक लांबट डबा होता, तोच जुना फिल्टर. पाणी वर ओढायचं, स्पंजातून गाळायचं, परत खाली सोडायचं, एवढंच त्याचं काम. तो एकटा पुरेना.

"सहाशे लिटर पाणी आहे, ताई," टाकीवाला म्हणाला. "त्यात हा मासा खादाड, घाण फार करतो. तासाला तीन हजार लिटर फिरवणारा घ्या. खालच्या कपाटात बसतो, आवाज अजिबात नाही. पण जुन्या स्पंजातला मळ जिवंत असतो बरं का. पाण्यातलं विष तोच खातो. नव्यात तो तयार व्हायला महिना लागतो. तोवर दोन्ही चालू ठेवायचे."

मला त्यातलं 'आवाज अजिबात नाही' एवढंच ऐकू आलं.

त्या जुन्या फिल्टरच्या आवाजाने माझं डोकं उठलं होतं. खोटं कशाला सांगू, मला त्याची भीती वाटायची. रोज दुपारी एक वाजता बाबा ताट घेऊन टाकीजवळच्या खुर्चीत बसत. पाणी पडत राही, आणि थोड्या वेळाने बाबा म्हणत, "हो, बसलोय." मग जेवायला लागत. एकदा मी विचारलंच, "कोणाशी बोलताय?"

"अगं, तुझी आई विचारतेय, अहो जेवलात का म्हणून. तुला ऐकू येत नाही?"

येत होतं. म्हणूनच बंद केला.

घर चिडीचूप झालं. एक वाजता बाबा ताट घेऊन बसले आणि वाट पाहत राहिले. ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले, मग हातापाया पडले, शेवटी घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली.

"तिने विचारल्याशिवाय मी चाळीस वर्षांत जेवलो नाही," म्हणाले. "आता काय नवीन सवय लावू?"

तिसऱ्या दिवशी ते न्हाणीघराकडे भिंत धरून चालत गेले. त्यात मासेही वर येऊन तोंडं उघडत होते. मी टाकीवाल्याला फोन लावला.

"जुना बंद केलात ना?" त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "स्पंज ओला आहे का अजून?"

"आहे."

"नशीब तुमचं. निम्मं पाणी बदला आणि आत्ताच्या आत्ता चालू करा."

पाणी बदलून होईपर्यंत एक वाजला. मी बटण दाबलं. पाणी पडायला लागलं. बाबा ताट समोर घेऊन कान देऊन बसले, मग त्यांचा चेहरा उतरला.

"ही ती नव्हे."

तेव्हा मला साबणाची डबी आठवली. धारेने मासे ढकलले जाऊ नयेत म्हणून आईने धारेखाली एक जुनी डबी सुतळीने तिरकी बांधली होती. मला ती गबाळी वाटायची. फिल्टर बंद केला त्याच दिवशी मी ती सोडून खणात टाकली होती. धावत जाऊन आणली. आईसारखी गाठ मला येत नाही, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. पाणी डबीत पडून, अडखळत, टाकीत उतरायला लागलं.

बाबांनी डोळे मिटले. "हो, हो," ते म्हणाले, "बसलोय." आणि ताट पुढे ओढलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. आई गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते. दारातून टाकी दिसत होती, पाण्याचा आवाज येत होता. तो जरा बदलला आणि त्याने मला हाक मारली. ठकू. मला या नावाने आईशिवाय कोणी हाक मारत नसे, आणि तीही मारायची ती माझं खोटं पकडलं की.

ठकू, तू जेवलीस?

"हो," मी म्हणाले.

पाणी पडायचं थांबलं. मोटार घरघरत होती, दिवा लागलेला होता, पण डबीत एक थेंब पडत नव्हता. बाबांचा हात घासासकट हवेत राहिला. आई अशीच गप्प व्हायची, समोरचा खरं बोलेपर्यंत.

तीन दिवस माझ्याही पोटात अन्नाचा कण नव्हता.

"नाही जेवले," मी म्हणाले. "वाढून घेते, आई."

मी मांडणीवरून माझं ताट काढलं, आणि बाहेर डबीत पाणी पडायला लागलं.